हेंपचे वस्त्र आणि श्रावकाचा विवेक

रेशीम वर्ज्य मानणारी जैन कुटुंबे आजही थोडी नाहीत. कोशातील जीव वाफेने अथवा उकळत्या पाण्यात मारल्यावाचून अखंड रेशीमधागा सहसा हाती येत नाही, हे त्याचे कारण सर्वश्रुत आहे. परंतु कापूस तरी सर्वस्वी निर्दोष आहे काय? बोंडअळीवरील विषारी फवारणी विदर्भाला अपरिचित नाही. म्हणूनच बाजारात ‘हेंप’ या नावाने येऊ लागलेल्या कापडाचा विचार वस्त्रव्यवसायातील कुटुंबांनी करणे अगत्याचे आहे.

हेंप म्हणजे भांगेचेच झाड. मात्र वाण निराळा, मादक द्रव्य अत्यल्प असलेला. अंबाडीप्रमाणे याचाही तंतू खोडाच्या सालीतून निघतो. पीक सुमारे चार महिन्यांत तयार होते. दाट पेरणीमुळे तण वाढत नाही व कीटकनाशकांची गरजही कापसापेक्षा कमी भासते. उत्तराखंडाच्या डोंगराळ भागात या तंतूचे दोर आणि ‘भंगेला’ नावाचे जाडेभरडे कापड पूर्वापार होत आले आहे. आचारांगसूत्राच्या दुसऱ्या श्रुतस्कंधात साधूंना कल्पणाऱ्या वस्त्रांत सणाच्या सालीच्या वस्त्राचाही उल्लेख आहे. सालीच्या तंतूचे वस्त्र, तेव्हा, आपल्या परंपरेला परके नाही.

तरीही खरा प्रश्न उरतोच. उपासकदशांगातील 15 कर्मादानांत रसवाणिज्य व विषवाणिज्य श्रावकाला निषिद्ध आहे. मग भांगेच्या झाडाचा व्यापार त्यात मोडतो काय? 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्याने गांजाची व्याख्या त्या झाडाच्या फुलाफळांच्या शेंड्यांपुरती केली आहे. तंतू व बियांसाठी लागवडीस परवानगी देण्याची तरतूदही कलम 14 मध्ये आहे. त्यानुसार उत्तराखंडाने 2018 मध्ये परवाने देण्यास प्रारंभ केला. मादक घटकाची मर्यादा 0.3 टक्के आहे. नशा शेंड्यात असते, खोडाच्या धाग्यात नव्हे. हा भेद लक्षात घेतला, तर या कापडाच्या व्यापाराला निषिद्ध म्हणण्याचे कारण राहत नाही.

मात्र ‘अहिंसक’ हा शिक्का मारण्याची घाईही नको. तंतू सुटा करण्यासाठी खोडे तळ्यात वा ओढ्यात कुजवली, तर पाणी दूषित होऊन जलचर मरतात. शेतातच दवावर कुजवण्याची रीत त्या मानाने सौम्य आहे. धागा मऊ करताना रसायने वापरली जातात. त्यांचे सांडपाणी कोठे जाते, हेही पाहिले पाहिजे. शिवाय बाजारातील पुष्कळसे कापड कापूसमिश्रित असते आणि त्याचा भावही चढा असतो.

म्हणून माल भरण्यापूर्वी व्यापाऱ्याने तीन गोष्टी लेखी मागाव्यात: हेंपचे नेमके प्रमाण, कुजवण्याची पद्धत आणि सांडपाण्याची व्यवस्था. पुरवठादाराने उत्तर टाळले, तर सौदाही टाळावा. नफा-तोट्याचा हिशेब आपण पिढ्यान् पिढ्या चोख ठेवला; त्याच वहीत जीवहिंसेचेही एक पान असावे.