काळा रुपया, उजळ रुपया

दिवाळी आली की घरोघरचे राणीछाप रुपये डब्यातून निघतात, चिंच नाहीतर रांगोळी लावून घासले जातात आणि लक्ष्मीपूजनाच्या पाटावर लखलखत बसतात. जुनी नाणी जमवणारा हे बघून कपाळाला हात लावतो. त्याच्या लेखी चकाकी वेगळी आणि नाण्याची प्रत वेगळी. प्रत ठरते ती मूळ छाप किती उरली आहे यावर. व्हिक्टोरियाच्या १८६२ पासूनच्या रुपयावर झीज आधी धरते उंच भागांना: मुकुट, कानाजवळचे केस, अंगावरच्या वस्त्राची नक्षी. ती नक्षी ठसठशीत असेल तर नाणे हातोहात फारसे फिरलेले नाही. इथे एक मेख आहे. कधी टाकसाळीतच ठसा नीट बसलेला नसतो आणि कोरे नाणेही झिजल्यासारखे सपाट दिसते.

ते ओळखायचे तर पृष्ठभाग बघावा लागतो. ठशाच्या दाबाने धातू मधून कडेकडे सरकतो आणि त्याच्या अतिसूक्ष्म रेषा नाण्यावर राहतात. दिव्याखाली नाणे तिरपे धरून फिरवले की त्या रेषांमुळे उजेडाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. सपाट भागावरही ते अखंड फिरत असतील, तर दोष ठशाचा. घासलेल्या रुपयात मात्र हे पट्टे उरत नाहीत. तो भांड्यासारखा सगळीकडून सारखाच चमकतो आणि भिंगाखाली बारीक ओरखडे दाखवतो.

पण काळेपणा म्हणजे मळच ना? नाही. हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा थर चढतो. तो नाण्याच्याच चांदीतून बनलेला असल्याने घासून काढला की तेवढी चांदीही जाते. चांदीचा भाव तर मिळेलच, असे कोणी म्हणेल. मिळेल. रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा, आणि त्यात चांदी ९१.७ टक्के. आटवायचाच असेल तर खुशाल घासा. संग्राहक मात्र घासलेल्याला, किंवा माळेसाठी कडी डाखलेल्याला, कमीच मोजतो, मग राणीचा मुकुट कितीही रेखीव असो. प्रत्येक थर जपावा असेही नाही. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटातून येणारा हिरवट चिकटा धातू खातो. तो शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये नाणे बुडवून, न चोळता काढावा.

यंदा पाटावर रुपया काळाच मांडा. हात शिवशिवलेच तर समई घासा.