राहून गेलेली परतफेड

आमची धाकटी लेक शिकायला झुरिचला गेली, त्या वर्षीचा, म्हणजे २०२३ चा पाडवा तिनं चहा-बिस्किटांवर आणि घरच्या फोनवर साजरा केला. गुढीला काठी नव्हती, कडुलिंबाचा पाला नव्हता, सुटी तर नव्हतीच. महिनाभरानं मात्र तिचा आवाज एकदम खुललेला. घरमालकीणबाई तिला हाताला धरून गावच्या वसंतोत्सवाला घेऊन गेल्या होत्या. ‘झेक्सेलॉयटन’ हे त्या सणाचं नाव. संध्याकाळी सहाचे टोले पडले, की लाकडांच्या ढिगावर उभा केलेला बर्फाच्या माणसाचा पुतळा पेटवायचा. त्याच्या डोक्यात फटाके ठासलेले. डोकं जितक्या लवकर फुटेल तितका उन्हाळा चांगला, असा तिकडचा समज. त्या वर्षी ते फुटायला तब्बल ५७ मिनिटं लागली!

‘‘बाबा, अगदी आपली होळीच हो,’’ लेक सांगत होती. ‘‘आणि बाईंनी मला मुद्दाम बोलावलं. नाही तर मी खोलीतच बसले असते.’’

त्या ‘मुद्दाम’ शब्दापाशी मी थबकलो. मला इटियाडोह आठवलं.

नव्वदच्या दशकात बँकेनं माझी बदली त्या भागात केली. गोंदिया जिल्हा व्हायचा होता. तो झाला १९९९ मध्ये. तेव्हा सारा मुलूख भंडाऱ्यातच. गाढवी नदीवरचं इटियाडोह धरण, नवेगावबांधचं जंगल, प्रतापगडचा डोंगर आणि गोठणगावजवळ तिबेटी निर्वासितांची वसाहत, नॉर्ग्येलिंग. १९७२ साली ही माणसं इथं येऊन वसली. थंड पठारावरची माणसं झाडीपट्टीच्या उन्हात शेती करू लागली, आणि हिवाळा आला की लुधियानाचा माल घेऊन शहरोशहरी स्वेटर विकायला बसू लागली.

या धंद्यासाठी आमच्या शाखेतून कर्ज घेणारी एक वयस्क बाई होती. सगळे तिला ‘आमा’ म्हणत. १९९५ च्या फेब्रुवारीत ती मुदतीच्या आधीच पैसे भरायला आली. मी म्हटलं, एवढी घाई कशाला? ती हिंदीत म्हणाली, ‘‘साहेब, लोसारच्या आधी देणं फेडायचं. नव्या वर्षात जुनं कर्ज घेऊन जायचं नाही.’’ पावती घडी करून ठेवली आणि उठता उठता म्हणाली, ‘‘लोसारला या. बाईंना घेऊन या.’’

लोसार म्हणजे तिबेटी नववर्ष. आपली महाशिवरात्र माघातल्या अमावास्येच्या आदल्या दिवशी, आणि लोसार पुष्कळदा त्याच अमावास्येनंतर. त्यामुळे प्रतापगडच्या यात्रेची गर्दी ओसरते न ओसरते, तोच वसाहतीत नव्या पताका फडफडू लागतात. त्या वर्षी तसंच झालं. आम्ही दोघं स्कूटरवरून गेलो. वाटेत पळस पेटलेला, कालव्याच्या पाण्यावर उन्हाळी धान हिरवंगार.

आमानं ‘ताशी देलेक’ म्हणत लाकडी पेटी पुढं केली. तीत लोण्यात कालवलेलं भाजलेल्या सातूचं पीठ. चिमूट घ्यायची, तीनदा वर उडवायची, मग तोंडात टाकायची. खापसे नावाचे तळलेले गोड पदार्थ आले, मीठ-लोण्याचा चहा आला. सौ.नं तो पहिल्या घोटाला जिभेवरच धरून ठेवला! देव्हाऱ्यात एका वाडग्यात धान्याचे कोवळे अंकुर होते, आपल्या घटासारखे. मी विचारलं, ‘‘बाहेर एवढं हिरवं असताना हे कशाला?’’ आमा म्हणाली, ‘‘आमच्याकडे या दिवसांत जमीन गोठलेली असते. हिरवं घरातच उगवावं लागतं. सवय आहे.’’

परतताना सौ. म्हणाली, ‘‘पाडव्याला यांना बोलावू या. पुरणपोळी करीन.’’ मी हो म्हटलं. पण पाडवा नेमका मार्चअखेरच्या हिशेबांना चिकटून आला. शिवाय मनात कुठंतरी होतं, शेजारीपाजारी काय म्हणतील? हे मी तेव्हा सौ.ला सांगितलं नाही. हिशेबांची सबब पुढं केली. पुढच्या पाडव्याच्या आत बदली झाली.

२००८ च्या तिबेटमधल्या दडपशाहीत गेलेल्यांच्या दुःखात २००९ साली ठिकठिकाणच्या तिबेटी मंडळींनी लोसार साजरा केला नाही. ती बातमी वाचून आमाला पत्र लिहायला बसलो. मायना लिहिला आणि थांबलो. ज्या माणसाला आपण एकदाही आपल्या घरी बोलावलं नाही, त्याच्या दुःखात कोणत्या तोंडानं शिरायचं?

लेकीला मी एवढंच सांगितलं, ‘‘बाईंना पुढच्या पाडव्याला जेवायला बोलाव. बेत साधा असला तरी चालेल. पण मुद्दाम बोलाव.’’ तिनं बोलावलं. २०२४ च्या पाडव्याचा फोटो आमच्या फ्रीजवर लावलेला आहे. खिडकीत फूटपट्टीची गुढी, आणि बाई पुरणपोळी काट्या-चमच्यानं खाताहेत.

माझं खातं मात्र अजून तसंच उघडं आहे. आमा आज असेल की नाही, ठाऊक नाही. तिच्या घरात कुणीतरी असेल. येत्या पाडव्याला गोठणगावची बस धरावी म्हणतो. पोळ्यांसाठी कोणता डबा न्यायचा, हे सौ.नं आधीच ठरवून टाकलं आहे.