हडपसरचा खटला : २०१४ ते २०२३

२ जून २०१४च्या रात्री हडपसरच्या उन्नतीनगरात मोहसीन शेखचा खून झाला. मूळचा सोलापूरचा, पुण्यातल्या एका कंपनीत आयटीचं काम करणारा, तिशीच्या आतला तरुण. शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांच्या फेसबुकवरच्या विटंबनेवरून शहर धुमसत होतं. त्या मजकुराशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. तो नमाजाहून परतत होता. दाढी, टोपी, एवढीच काय ती ओळख. हॉकी स्टिक घेतलेल्या जमावाला तेवढी पुरली.

हिंदू राष्ट्र सेनेचे प्रमुख धनंजय देसाई यांच्यासह अनेकांना अटक झाली. विशेष सरकारी वकील म्हणून नेमलेले उज्ज्वल निकम २०१७मध्ये खटल्यातून बाजूला झाले. खटला रेंगाळला, जामिनाचे अर्ज मात्र वर-खाली फिरत राहिले.

जानेवारी २०१७मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. मृदुला भाटकर यांनी तिघांना जामीन दिला. आरोपींचं मृताशी वैयक्तिक वैर नव्हतं, तो दुसऱ्या धर्माचा एवढाच त्याचा दोष, आणि ही बाब आरोपींच्या बाजूची, असं हुकुमात म्हटलं होतं. घटनेच्या अर्धा तास आधीच्या सभेत ते भडकले होते, हेही नोंदवलं होतं. हेतू आणि पूर्वेतिहास जामिनाच्या वेळी पाहतात हे खरं. पण ओळखपाळख नसताना निव्वळ धर्म पाहून जीव घेणं हे सौम्य कसं ठरतं, हे मला तेव्हाही उमगलं नाही, आजही उमगत नाही. ८ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. शरद बोबडे आणि न्या. नागेश्वर राव यांनी तो हुकूम रद्द केला आणि देशात नाना समाज नांदतात याचं भान न्यायालयांनी राखावं, असं बजावलं. त्याच वर्षी डिसेंबरात मोहसीनचे वडील वारले; पुढच्याच महिन्यात देसाईंना उच्च न्यायालयातून जामीन मिळाला.

या हुकुमांवर रकानेच्या रकाने लिहिले गेले. मुळात जामिनाच्या हुकुमातली निरीक्षणं खटल्यात धरायची नसतात. तिथे चालतो तो पुरावा. २७ जानेवारी २०२३ रोजी पुण्याच्या सत्र न्यायालयानं पुराव्याअभावी देसाईंसह आरोपींना निर्दोष सोडलं, आणि त्या निकालाची चर्चा दोन दिवसांत विरली.

अपिलाची वाट कायद्यात आहे. सरकार अपील करू शकतं. २००९च्या अखेरीपासून पीडिताला आणि त्याच्या वारसांनाही तो हक्क आहे, आणि त्यासाठी आधी न्यायालयाची परवानगी लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०१८मध्ये मल्लिकार्जुन कोडगली खटल्यात स्पष्ट केलं. मात्र वरचं न्यायालय सहसा नव्यानं साक्षी घेत नाही, खाली नोंदलेल्या वाचतं. शिवाय एकदा सुटलेल्या आरोपीच्या निर्दोषत्वाचं गृहीतक अपिलात दुणावतं. तपासाच्या पहिल्या काही दिवसांत जे निसटलं, ते अपिलात क्वचितच सापडतं.