ईआरपीनेक्स्टला स्वतःचं मॉड्यूल कसं जोडायचं? शेवगावच्या कापूस पट्टीवरून समजून घेऊ

तुमच्या मोबाईलमध्ये मराठी कीबोर्ड आहे ना? तो तुम्ही एकदाच टाकला. त्यानंतर व्हॉट्सॲप असो, इन्स्टाग्राम असो की बँकेचं ॲप, सगळीकडे तोच उघडतो. व्हॉट्सॲपवाल्यांनी त्यासाठी वेगळं काही केलं नाही. कीबोर्ड बनवणाऱ्यानंही व्हॉट्सॲपचा कोड उघडून बघितला नाही. अँड्रॉइडने आधीच एक जागा ठरवून ठेवली आहे, "इथे कीबोर्ड बसेल, आणि त्याने अशा पद्धतीने बोलायचं." ती पद्धत पाळली की काम झालं.

आजच्या लेखाचा विषय हाच आहे: एकदा लिहायचं, ठरलेल्या जागी जोडायचं आणि पाहिजे तितक्या ठिकाणी वापरायचं. फक्त मोबाईलऐवजी आपण वेब ॲप्लिकेशन घेऊ, आणि उदाहरण घेऊ आपल्या शेवगावचं.

आधी प्रश्न काय आहे ते बघू

शेवगाव तालुका म्हणजे कापूस आणि ऊस. दिवाळीच्या आसपास बोधेगाव, बालमटाकळी, चापडगाव भागात वेचणी जोरात असते आणि व्यापाऱ्यांच्या काट्यावर गाड्या लागतात. माल मोजला की शेतकऱ्याच्या हातात पट्टी येते. पट्टीवर वजन, भाव, कपात आणि शेवटी हातात येणारी रक्कम असते.

कपातीतली मोठी भानगड म्हणजे ओलावा. भारतीय कापूस महामंडळाचा, म्हणजे सीसीआयचा हिशोब असा आहे: ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण भाव. त्यापुढे प्रत्येक टक्क्याला भावात १ टक्का कपात. १२ टक्क्यांच्या वर ओलावा गेला तर माल घेत नाहीत.

आकडे टाकून बघू. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. ओलावा १० टक्के भरला, म्हणजे २ टक्के कपात. भाव झाला ७,९४७ रुपये ८० पैसे. माल १२ क्विंटल ३५ किलो असेल तर रक्कम ९८,१५५ रुपये ३३ पैसे. कपात नसती तर १,००,१५८ रुपये ५० पैसे झाले असते. म्हणजे एका गाडीमागे दोन हजारांचा फरक. हा हिशोब सॉफ्टवेअर करणार असेल तर तो बरोबरच असला पाहिजे, कारण पट्टी चुकली तर कुणाच्या तरी खिशातून पैसे जातात.

आता समजा, शेवगावातल्या एका कापूस व्यापाऱ्याने दुकानासाठी ईआरपीनेक्स्ट घेतलं. त्यात खरेदी, विक्री, साठा, उधारी सगळं आहे. पण "ओलावा" नावाचा रकाना नाही. तो आपण जोडायचा.

ईआरपीनेक्स्टच का?

हे सॉफ्टवेअर मुंबईचं आहे. रुशभ मेहता यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या कंपनीने ते बनवलं. आज ती कंपनी फ्रॅपे नावाने ओळखली जाते. सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे, म्हणजे कोड सगळ्यांना बघायला, शिकायला आणि वापरायला मोकळा. खाली पायथॉन, जावास्क्रिप्ट आणि मारियाडीबी. घरी बसून शिकायचं असेल तर लायसन्सला एक रुपया लागत नाही.

याची रचना समजून घ्या. सगळ्यात खाली फ्रॅपे फ्रेमवर्क. त्यावर "ॲप" बसतात. ईआरपीनेक्स्ट हे स्वतः असंच एक ॲप आहे. आपण लिहू तेही त्याच्या शेजारी बसणारं ॲप. कॉम्प्युटरवर "बेंच" नावाचं एक फोल्डर असतं. त्यात "ॲप्स" आणि "साइट्स" अशी दोन मुख्य फोल्डर असतात. ॲप्समध्ये कोड, साइट्समध्ये प्रत्येक दुकानाची वेगळी साइट. प्रत्येक साइटचा डेटाबेस वेगळा. म्हणजे कोड एकच, पण शेवगावच्या दुकानाचा हिशोब पाथर्डीच्या दुकानाला दिसत नाही.

मूळ कोडला हात का लावायचा नाही?

सोपा वाटणारा रस्ता असा: ईआरपीनेक्स्टची फाइल उघडा, त्यात चार ओळी घुसडा, झालं काम. आज चालेल. पण पुढच्या महिन्यात अपडेट आलं की त्याच फाइलची नवी आवृत्ती येते. मग एकतर अपडेट अडून बसतं, किंवा कुणीतरी रीसेट मारतं आणि तुमच्या चार ओळी पुसल्या जातात. पट्टी तर निघतच राहते, फक्त ओलाव्याची कपात गायब. भर हंगामात ते चार दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही तर किती गाड्यांचा हिशोब चुकेल, विचार करा.

खुद्द बनवणाऱ्यांनीही हाच धडा पाळला आहे. २०२२ मध्ये चौदावी आवृत्ती आली तेव्हा त्यांनी ईआरपीनेक्स्टमधले बरेच भाग बाहेर काढून वेगळे ॲप केले. पगार आणि हजेरी "फ्रॅपे एचआर"मध्ये गेली. भारताचा जीएसटी "इंडिया कम्प्लायन्स" नावाच्या ॲपमध्ये गेला. हॉस्पिटल आणि शिक्षणाचे भागही वेगळे झाले. जीएसटीचा नियम बदलला तर आता एक ॲप बदलतं, बाकीच्यांना धक्का लागत नाही.

चला, मॉड्यूल बनवू

आपल्या ॲपला "कापूस पट्टी" नाव देऊ. कमांड टर्मिनलवर इंग्रजीतच टाइप करायच्या असतात, इथे फक्त नावं समजून घ्या.

१. सांगाडा तयार करा. "बेंच न्यू-ॲप" ही कमांड दिली की ती नाव, माहिती, लायसन्स विचारते आणि रिकामं ॲप बनवून देते.

२. साइटवर बसवा. "इन्स्टॉल-ॲप" कमांडने ते ठराविक साइटवर बसतं. ज्या दुकानाला पाहिजे त्यालाच, बाकीच्या साइटना नाही.

३. सेटिंगचं पान बनवा. फ्रॅपेमध्ये फॉर्म आणि त्यामागचं टेबल मिळून "डॉकटाइप" म्हणतात. ज्या डॉकटाइपची एकच नोंद असते त्याला "सिंगल" म्हणतात. त्यात तीन रकाने ठेवा: ओलाव्याची मूळ मर्यादा (८), कमाल मर्यादा (१२), आणि प्रत्येक टक्क्याची कपात (१). हे आकडे कोडमध्ये लिहून ठेवू नका. एखादा व्यापारी वेगळी पद्धत वापरत असेल तर तो आकडे स्वतः बदलेल, तुम्हाला फोन येणार नाही.

४. खरेदी बिलात रकाने जोडा. "पर्चेस इन्व्हॉइस"च्या प्रत्येक ओळीत दोन कस्टम फील्ड टाका: "मूळ भाव" आणि "ओलावा टक्के". त्यांच्या आतल्या नावाला आपल्या ॲपचं नाव पुढे लावा, म्हणजे दुसऱ्या ॲपच्या रकान्याशी टक्कर होणार नाही. मग ही फील्ड "फिक्स्चर" म्हणून एक्सपोर्ट करा, की नव्या साइटवर ॲप बसवताच ती आपोआप येतील. एक्सपोर्ट करताना फिल्टर लावायला विसरू नका. नाहीतर त्या साइटवरची सगळ्यांचीच कस्टम फील्ड उचलली जातात आणि पाथर्डीच्या दुकानात शेवगावच्या दुकानाचे भलतेच रकाने दिसायला लागतात.

५. हुक लावा. हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. ॲपमध्ये "हुक्स" नावाची पायथॉन फाइल असते. अँड्रॉइडने कीबोर्डसाठी जागा ठेवली आहे, तशाच जागांची यादी इथे असते. "डॉक इव्हेंट्स" या हुकमध्ये आपण सांगतो, "पर्चेस इन्व्हॉइस सेव्ह होताना अमुक वेळी माझं फंक्शन चालव." ईआरपीनेक्स्टला आपल्या फंक्शनमध्ये काय आहे ते माहीत नसतं. ते फक्त वेळ झाली की हाक मारतं.

हाक कधी मारायची?

इथे बरेच जण फसतात, म्हणून नीट वाचा. डॉक्युमेंट सेव्ह होताना घटना क्रमाने घडतात: आधी "बिफोर व्हॅलिडेट", मग "व्हॅलिडेट", मग "बिफोर सेव्ह", आणि नोंद झाल्यावर "ऑन अपडेट".

ईआरपीनेक्स्ट बिलाची बेरीज आणि कर "व्हॅलिडेट"मध्ये काढतं. आपणही "व्हॅलिडेट"लाच हुक लावला तर आधी त्यांचं चालतं, मग आपलं. म्हणजे बेरीज होऊन गेल्यावर आपण भाव बदलतो. ओळीत नवा भाव, खाली जुनी बेरीज. शिवाय शेतकऱ्याकडून कच्चा कापूस घेताना जीएसटी रिव्हर्स चार्जने खरेदीदाराला भरावा लागतो, तोही जुन्या रकमेवर निघेल.

म्हणून आपलं फंक्शन "बिफोर व्हॅलिडेट"ला जोडायचं. आधी आपण भाव ठरवायचा, मग ईआरपीनेक्स्ट आणि जीएसटीचं ॲप आपापलं काम त्याच भावावर करतील.

दुसरा सापळा. बिल एकदाच सेव्ह होत नाही. मोबाईल नंबर दुरुस्त केला, परत सेव्ह. आपलं फंक्शन "आत्ताचा भाव घे आणि २ टक्के कमी कर" असं लिहिलेलं असेल तर प्रत्येक सेव्हला कपात होत राहते. ८,११० चे ७,९४७.८० झाले, दुसऱ्यांदा सेव्ह केलं की ७,७८८.८४. आपल्या १२ क्विंटल ३५ किलोच्या गाडीवर शेतकऱ्याचे आणखी १,९६३ रुपये गेले, आणि पट्टी दिसायला व्यवस्थित!

"मूळ भाव" हा वेगळा रकाना आपण यासाठीच घेतला. फंक्शनने दरवेळी मूळ भावापासूनच हिशोब करायचा. मग बिल दहा वेळा सेव्ह करा, उत्तर तेच येईल. कुठलंही मॉड्यूल लिहिताना हा प्रश्न स्वतःला विचाराच: हेच काम दोनदा झालं तर काय होईल?

तिसरी गोष्ट. ओलावा टाकताच स्क्रीनवर भाव बदललेला दिसावा म्हणून ब्राउझरसाठी छोटी जावास्क्रिप्ट लिहायला हरकत नाही. पण खरा हिशोब सर्व्हरवरच ठेवा. उद्या काट्यावरचा मुलगा मोबाईलवरून नोंद करेल, परवा वजनकाटाच थेट एपीआयने आकडा पाठवेल. त्या वेळी फॉर्म उघडलेलाच नसेल, पण सर्व्हरवरचा हुक चालणारच.

परत वापरता येईल असं ठेवा

मॉड्यूल खरंच परत वापरता येतं का, हे दुसऱ्या दुकानात बसवल्यावर कळतं. त्यासाठी एवढं सांभाळा:

- ॲपला ईआरपीनेक्स्ट लागतं हे "रिक्वायर्ड ॲप्स" या हुकमध्ये लिहा.
- डॉकटाइपचा अख्खा क्लास ओव्हरराइड करायची सोय आहे, पण शक्यतो टाळा. दोन ॲपनी एकाच डॉकटाइपवर असा हक्क सांगितला तर शेवटी बसवलेलं जिंकतं. डॉक इव्हेंट्समध्ये मात्र दोघांचीही फंक्शन चालतात.
- जुन्या नोंदींमध्ये बदल करायचा असेल तर "पॅच" लिहा. "मायग्रेट" केल्यावर तो प्रत्येक साइटवर एकदाच चालतो.
- टेस्ट लिहा. निदान चार: ओलावा ८, १०, १२ आणि १३. आठला पूर्ण भाव, दहाला ७,९४७.८०, बाराला ४ टक्के कपात, आणि तेराला बिल अडलं पाहिजे. पाचवी टेस्ट म्हणजे तेच बिल दोनदा सेव्ह करून भाव बदलत नाही ना ते बघणं.
- अपडेट आधी एका चाचणी साइटवर घ्या, टेस्ट चालवा, बॅकअप घ्या, आणि मगच दुकानाच्या साइटला हात लावा. तेही काटा बंद झाल्यावर.

एवढं जमलं की तेच ॲप नेवासा, पाथर्डी, पैठण, गेवराई, कुठेही चालेल. प्रत्येक ठिकाणी फक्त सेटिंगचे तीन आकडे बघायचे. दहा दुकानांसाठी दहा वेगवेगळे कोड सांभाळणारा माणूस हंगामात झोपत नाही. एक मॉड्यूल सांभाळणारा एका जागी दुरुस्ती करतो आणि दहाही दुकानांना अपडेट देतो. गावात राहून सॉफ्टवेअरचं काम करायचं असेल तर हा फरक फार मोठा आहे.

सुरुवात करायला लॅपटॉपवर बेंच टाका, रिकामी साइट बनवा आणि वरच्या पाच पायऱ्या एकदा हाताने करून बघा. कापूस नको असेल तर कांद्याची पट्टी घ्या, दुधाच्या फॅटचा हिशोब घ्या. आपल्या तालुक्यात असे हिशोब भरपूर आहेत, आणि त्यातले कितीतरी अजून वहीतच आहेत.