स्टेपनी, डिकी आणि रात्रपाळी

गेल्या महिन्यात एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. पुण्यातल्याच एका कॉलसेंटरमध्ये तो आता टीम लीडर आहे. म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे नवीन सॉफ्टवेअर बसवलंय. पोरं आपापल्या पद्धतीनं बोलतात आणि पलीकडच्याला ऐकू येतं ते अमेरिकन. आवाज आपलाच, उच्चार तेवढे बदलतात. तुमच्या त्या तीन आठवड्यांची आता कुणाला गरज नाही." त्यानं सहज सांगितलं, मला मात्र ते दिवसभर टोचत राहिलं. फ्रान्समधल्या एका बड्या कंपनीनं भारतातल्या कर्मचाऱ्यांसाठी असं तंत्र आणल्याची बातमी २०२५ च्या सुरुवातीला वाचली होती. पण पेपरात वाचणं वेगळं आणि आपल्या हाताखालून गेलेल्या मुलाच्या तोंडून ऐकणं वेगळं.

२००१ ते २०१० ही नऊ वर्षं मी तेच तीन आठवडे पुन्हा पुन्हा शिकवले. ओळखपत्रावर 'व्हॉइस अँड ॲक्सेंट ट्रेनर' असं लिहिलेलं असायचं.

एकाच इंग्रजीच्या दोन-तीन भाषा कशा झाल्या, हा इतिहास जुना आहे. नोआ वेब्स्टरनं १८२८ मध्ये अमेरिकेचा स्वतंत्र शब्दकोश काढला आणि स्पेलिंगंही वेगळी केली. दुसऱ्या महायुद्धात एका बैठकीत ब्रिटिश अधिकारी एक विषय 'टेबल' करा म्हणाले, म्हणजे लगेच चर्चेला घ्या. अमेरिकनांना वाटलं, हे तो बाजूला ठेवायला सांगताहेत. दोन्ही बाजूंना हवं होतं एकच, तरी बराच वेळ कडाक्याचं भांडण झालं, असं चर्चिलनं लिहून ठेवलंय. हे सगळं मी पहिल्या दिवशी अर्ध्या तासात उरकायची. मुलांना आणि मलाही खरी गोडी होती ती पुढच्या कामाची.

प्रत्येकाच्या हातात एक छोटा आरसा आणि कागदाची एक पट्टी. पट्टी ओठांसमोर धरून 'पेपर' म्हणायचं. आपल्या 'प'नं पट्टी हलत नाही, त्यांच्या शब्दारंभीच्या 'प'नं ती थरथरली पाहिजे. मग 'व'. आपला 'व' त्यांच्या दोन उच्चारांच्या मधोमध कुठेतरी बसतो. आरशात बघून 'वेस्ट'साठी ओठांचा चंबू करायचा आणि 'व्हेस्ट'साठी वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे. साताऱ्या-सांगलीकडची, लातूरची, मराठी शाळेत शिकलेली मुलं रात्री आठ वाजता ओळीनं बसून दात-ओठ सांभाळत असायची. एवढं करून 'व्हेस्ट' जमला, की अर्थ सांगायचा: इंग्लंडमध्ये ते बनियन, अमेरिकेत सुटाच्या कोटाखालचं जाकीट.

अमेरिकेसाठी 'स्केजूल' घोटवून घेतलेली बॅच अचानक ब्रिटिश ग्राहकांच्या कामाला लागायची आणि मग 'शेड्यूल'. अमेरिकेत झेडचा 'झी' होतो. तो फोनवर 'सी'सारखा ऐकू येऊ नये म्हणून 'झी फॉर झीब्रा' म्हणायचं; तोच प्राणी लंडनच्या माणसापुढे 'झेब्रा'. उत्तर इंग्लंडमधल्या एका बाईंनी सांगितलं, माझा चहा झाला की फोन कर. आमच्या मुलीनं दहा मिनिटांनी केला. त्या भागात संध्याकाळच्या जेवणालाच 'टी' म्हणतात. बाई ताटावरून उठून आल्या होत्या आणि चिडल्या होत्या. "मी नाइंटी-नाइनला पासआऊट झालो," असं गप्पांच्या ओघात सांगणाऱ्या एका मुलाला अमेरिकन म्हातारबुवांनी काळजीनं विचारलं होतं, आता तब्येत बरी आहे ना? त्यांच्याकडे त्याचा अर्थ शुद्ध हरपणं.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले, ती.

फोन करणारा हाच मुलगा २००४ मध्ये रस्त्यात गाडी बंद पडलेल्यांना मदत पोचवण्याच्या कामावर होता. घरचं गॅरेज तासगावला. लहानपणापासून गाड्यांत वाढलेला, गाडीच्या आवाजावरून बिघाड सांगणारा. एका रात्री टायर पंक्चर झालेल्या अमेरिकन बाईंना त्यानं विचारलं, "स्टेपनी डिकीत आहे का?" बाईंना दोन्ही शब्द कळले नाहीत. त्यानं पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. शेवटी त्यांनी फोन ठेवला. क्वालिटीवाल्यांनी त्या कॉलला 'फेटल' दिला, म्हणजे अख्ख्या कॉलचे गुण शून्य. कागद माझ्याकडे सहीला आला. मी शेरा लिहिला, 'चुकीचं इंग्रजी', आणि सही केली. त्या महिन्याचा त्याचा इन्सेन्टिव्ह गेला.

ते इंग्रजी चुकीचं नव्हतं. सुरुवातीच्या मोटारींबरोबर जादा चाक मिळत नसे. १९०४ मध्ये वेल्समधल्या लानेली गावात टॉमस मॉरिस डेव्हिस या माणसानं पंक्चर झालेल्या चाकाला आवळून बसवायची बिनआऱ्यांची धाव तयार केली. दुकान स्टेपनी स्ट्रीटवर, म्हणून मालाचं नाव स्टेपनी. ब्रिटिशांबरोबर ते जगभर गेलं. तिकडे हा शब्द कधीच पुसला गेला. भारतात, बांगलादेशात, माल्टात तो अजून रोज वापरात आहे. 'डिकी' तर घोडागाडीच्या काळातली. गाडीची मागची किंवा गाडीवानाची बैठक म्हणजे डिकी, पुढे मोटारीच्या मागची उघडझाप करणारी बैठक. ती गेली, सामानाची जागा राहिली. इंग्रजांनी तिला बूट म्हटलं, अमेरिकनांनी ट्रंक, आपण जुनं नाव जपलं. तासगावच्या गॅरेजमध्ये सांभाळून ठेवलेला शब्द त्या मुलानं वापरला आणि मी तो चूक ठरवला. हे मला पुष्कळ वर्षांनी, नोकरी सोडल्यावर वाचताना कळलं. तेव्हा विचारायला हवं होतं, तो शब्द आला कुठून. मी विचारलं नाही.

तेव्हाचा आमचा मंत्र होता 'न्यूट्रल ॲक्सेंट', म्हणजे कुठलाच नसलेला उच्चार. असा उच्चार पृथ्वीवर कुणाचाच नाही. न्यूट्रल म्हणजे समोरच्या गिऱ्हाइकाच्या कानाला सवयीचा, एवढाच त्याचा अर्थ होता आणि आम्ही तो शास्त्र म्हणून शिकवला. मुलांची नावंसुद्धा बदलली. संतोषचा सॅम होताना मी वर्गात उभी होते. गिऱ्हाइकानं आपल्या बाजूनं एक पाऊल यावं, असं कुठल्याही करारात लिहिलेलं नव्हतं.

२०१० च्या सुमारास आवाजाचं बरंचसं काम फिलिपिन्सकडे वळलं. पगार हे कारण होतंच, पण त्यांना अमेरिकन इंग्रजी मुद्दाम शिकवावं लागत नव्हतं. १८९८ पासून १९४६ पर्यंत तिथे अमेरिकेचं राज्य होतं. १९०१ मध्ये 'थॉमस' नावाच्या जहाजातून पाचशेच्या आसपास अमेरिकन शिक्षक मनिलाला उतरले होते. आमच्या तीन आठवड्यांना त्यांची शंभर वर्षं भारी पडली. आमचे वर्ग एकेक करून बंद झाले.

पण त्या वर्गांत फक्त तोंड वळवलं जात नव्हतं. विशी-बाविशीतली मुलं तीन देशांचे अर्थ डोक्यात बाळगून बसायची आणि समोरचा बोलू लागला की कुठला अर्थ काढायचा ते क्षणात ठरवायची. ब्रिटिश माणूस 'क्वाइट गुड' म्हणाला तर तो फारसा खूश नाही आणि अमेरिकन म्हणाला तर खरंच खूश आहे, हे त्यांना कळायचं. ही विद्या होती. तिची कुठे नोंद झाली नाही, आणि आता ती कधी होतीच नाही असं धरून चाललेत, याचा मला राग येतो.

त्या दिवशी फोनवर मी त्याला विचारलं, "सॉफ्टवेअर स्टेपनीचं काय करतं रे?"

तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "मागच्याच आठवड्यात एका नव्या पोरानं म्हटलं ना. ऐकू गेलं अगदी अमेरिकन स्टेपनी. बाई म्हणाल्या, काय? मग मी मध्ये घुसलो आणि स्पेअर टायर म्हटलं."

मी त्याला २००४ च्या त्या शेऱ्याची आठवण दिली. तो विसरला नव्हता. मग लानेलीची, स्टेपनी स्ट्रीटची हकीकत सांगितली आणि माझं चुकलं होतं म्हणाले. त्यानं गावाचं नाव पुन्हा विचारलं, त्याला ते लिहून घ्यायचं होतं. मी स्पेलिंग सांगितलं. "दोन एल? मॅडम, हे म्हणायचं कसं?" वेल्सचे लोक तिथे जीभ 'ल'च्या जागी टेकवून बाजूनं नुसती हवा सोडतात, इंग्रजांनाही ते पटकन जमत नाही, एवढं मी वाचलेलं होतं. तेवढ्यावर आम्ही दोघं मोबाइलवर ते नाव म्हणून बघत बसलो. त्याचं माझ्यापेक्षा बरं येत होतं.