नाडी पाहून दिवस गेल्याचे कळते का?

हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर धमनीत रक्ताची लाट उसळते, तिलाच नाडी म्हणतात. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसात ती मिनिटाला 60 ते 100 वेळा लागते. गरोदरपणात हा आकडा वाढतो, हे खरे आहे. गर्भ रुजल्यानंतर रक्तवाहिन्या सैलावतात, पुढे शरीरातले रक्त जवळजवळ 40 ते 50 टक्क्यांनी वाढते आणि ते फिरवण्यासाठी हृदयाला जास्त राबावे लागते. शेवटच्या तिमाहीत नाडी नेहमीपेक्षा 10 ते 20 ठोक्यांनी पुढे जाते.

पहिल्या काही आठवड्यांतली वाढ मात्र अगदी थोडी असते, आणि तेवढी वाढ कशानेही होते. कडक चहा, ताप, जागरण, धास्ती, एवढेच काय, लातूरच्या उन्हाळ्यात पुरेसे पाणी न पिता शेतात काम केले तरी नाडी धावू लागते. अंगात रक्त कमी असलेल्या बाईची नाडी तर मुळातच जलद असते. थायरॉइड वाढले असेल तर पाळीही चुकते आणि नाडीही वाढते. अशा वेळी दोन खुणा जुळल्या म्हणून घरात आनंद साजरा होतो आणि खरा आजार अंगावर निघतो.

नाडीपरीक्षेची परंपरा मोठी आहे. तिचे व्यवस्थित वर्णन चरक-सुश्रुतांकडे नव्हे, तर पुढच्या काळातल्या शार्ङ्गधर संहितेत येते. वाताची नाडी सापासारखी, पित्ताची बेडकासारखी, कफाची हंसासारखी चालते, असे तिथे सांगितले आहे. नांदेडच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयासह सर्वत्र हा विषय आजही शिकवला जातो. पण जाणता वैद्य नुसत्या मनगटावर विसंबत नाही. पाळीची तारीख, मळमळ, खाण्यावरची वासना हे सारे तो विचारतो, आणि त्याचा अंदाज बरोबर येतो तो या सगळ्यामुळे. उजव्या-डाव्या हाताच्या नाडीवरून मुलगा की मुलगी हे सांगणे मात्र निव्वळ थाप आहे. गर्भलिंग सांगण्याची जाहिरात, मग पद्धत शास्त्रीय असो वा नसो, कायद्याने गुन्हा आहे.

बेंबीजवळ ‘पोटात नाडी लागते’ हीदेखील खूण नव्हे. तिथे हाताला लागते ती बाईची स्वतःची महाधमनी. बाळाचे ठोके मिनिटाला 110 ते 160 असतात आणि ते यंत्रानेच ऐकू येतात.

खात्री करायची तर लघवीची तपासणी करावी. गर्भ रुजल्यावर एचसीजी नावाचे संप्रेरक तयार होते आणि तेच पट्टीवर दिसते. गावातल्या आशाताईकडे ‘निश्चय’ किट मिळते. पाळीची तारीख उलटल्यावर सकाळची पहिली लघवी घेऊन तिचे थोडे थेंब पट्टीच्या खाचेत टाकायचे आणि किटवर दिलेल्या वेळेत पाहायचे. ‘सी’पुढे एक रेघ आली तर दिवस गेलेले दिसत नाहीत, ‘सी’ आणि ‘टी’ दोन्हींपुढे आल्या तर गेलेले आहेत. ‘सी’ची रेघच उमटली नाही तर पट्टी खराब समजावी. एकच रेघ येऊनही पाळी आली नाही, तर आठवड्याने पुन्हा तपासावे. लवकर कळण्याला मोल आहे, कारण बाळाच्या मेंदूचा आणि मणक्याचा पाया पाळी चुकल्यानंतर दोनेक आठवड्यांतच पडतो आणि फॉलिक ॲसिडची गोळी खरी तेव्हाच हवी असते.

नाडीचा खरा उपयोग पुढच्या महिन्यांत आहे. पाच मिनिटे शांत बसून, अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर तर्जनी, मधले बोट आणि अनामिका टेकवून पूर्ण एक मिनिट मोजावे. अंगठ्याने मोजू नये, त्याचा स्वतःचाही ठोका असतो. बसल्या जागी नाडी वारंवार 100 च्या वर जात असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. गरोदरपणात ते 11 च्या खाली गेले की रक्त कमी समजतात. लहानपणी झालेल्या संधिज्वराने हृदयाची झडप बिघडली असेल, तर तेही अनेकदा पहिल्यांदा गरोदरपणातच उघडकीस येते. तेव्हा सोबत धाप लागत असेल तर हृदयाची तपासणी टाळू नये. आणि पाळी चुकलेली असताना एका कुशीत जोराची कळ येऊन नाडी जलद व बारीक झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर गर्भ नलिकेत रुजून ती फुटलेली असू शकते. अशा वेळी नाडी मोजत न बसता 108 ला फोन करून रुग्णालय गाठावे.