एपीचा फंडा : शाळेतच कॉलेजची चव

एडिसनला राहणारी मावसबहीण, सनीव्हेलमध्ये सेटल झालेला कॉलेजचा सीनियर, नाहीतर दोन वर्षांसाठी ऑनसाइट गेलेला आणि दहा वर्षं तिथेच रमलेला तुमचा जुना टीम लीड... यांच्यापैकी कुणालाही मे महिन्यात फोन लावून बघा. घरात हायस्कूलला जाणारं पोर असेल, तर एक वाक्य हमखास ऐकू येईल, "अरे, सध्या घरात एपीचं वातावरण आहे!" आपल्याकडे मे म्हणजे आंबे आणि सुट्टी. तिथल्या अकरावी-बारावीच्या मुलांसाठी मे म्हणजे एपी.

आता हे एपी म्हणजे नक्की काय प्रकरण आहे, आणि त्यासाठी मुलं एवढी मान मोडून अभ्यास का करतात? धाकटी भावंडं आणि भाचेमंडळी सल्ला मागायला तुमच्याकडेच येणार आहेत, तेव्हा माहिती असलेली बरी!

पाचात काय ते बोला

एपी म्हणजे ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट. हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा एखादा विषय शिकायचा आणि मे महिन्यात त्याची परीक्षा द्यायची. सॅट घेणारं कॉलेज बोर्डच ही परीक्षा घेतं. १९५० च्या दशकात काही नामवंत शाळा आणि कॉलेजांच्या लक्षात आलं, की हुशार मुलं शाळेत शिकलेलंच कॉलेजात पुन्हा शिकताहेत. हा वेळ वाचवायचा म्हणून ही कल्पना निघाली आणि १९५६ मध्ये पहिल्या अधिकृत परीक्षा झाल्या. आज कॅल्क्युलस, बायोलॉजी, अमेरिकेचा इतिहास, सायकॉलॉजीपासून म्युझिक थिअरीपर्यंत चाळीसच्या आसपास विषय आहेत.

आपल्याला गंमत वाटेल ती स्कोअरची. मार्क फक्त १ ते ५. आपल्याकडे पॉइंट दोन टक्क्यांनी कॉलेज हुकतं, कट-ऑफच्या याद्या बघून आईबाबांचं बीपी वाढतं. इथे तुम्हाला ५ मिळाले म्हणजे ५. शेजारच्या बंटीलाही ५ मिळाले असतील, तर त्याच्या ५ पेक्षा तुमचे ५ कमी नाहीत. मेरिट लिस्टची भानगडच नाही. ३ म्हणजे 'पात्र', ५ म्हणजे 'उत्तम'. आणि नुसत्या टिकमार्कवर भागत नाही. बहुतेक विषयांत मोठी उत्तरं लिहावी लागतात, ती कॉलेजातले प्राध्यापक आणि एपीचे शिक्षक तपासतात.

खिशाला परवडणारा सौदा

पहिला फायदा रोख आहे. अमेरिकेत पदवीसाठी साधारण १२० क्रेडिट लागतात आणि अनेक ठिकाणी प्रत्येक क्रेडिटचे पैसे मोजावे लागतात. एपीत चांगला स्कोअर आला, तर अनेक कॉलेजं त्या विषयाचं क्रेडिट आधीच देऊन टाकतात. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात ३ किंवा जास्त स्कोअरला क्रेडिट मिळतं. टेक्ससमध्ये तर सरकारी कॉलेजांनी ३ ला क्रेडिट द्यावं, असा कायदाच २०१५ मध्ये झाला.

२०२५ मध्ये अमेरिकेत एका पेपरची फी होती ९९ डॉलर, आणि कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना सवलत. चार विषय चांगले गेले, तर जवळजवळ एका सेमिस्टरचं ओझं उतरू शकतं. म्हणजे चारशे डॉलरच्या आत काही हजारांची बचत! कुणी लवकर पदवी घेतं, कुणी त्या वेळात दुसरा विषय घेतं, कुणी इंटर्नशिप करतं.

दुसरा फायदा ॲडमिशनचा. मुलाने आपल्या शाळेत मिळणाऱ्यांतले अवघड विषय घेतलेत का, हे कॉलेजं बघतात. बऱ्याच शाळांत एपीतल्या 'ए' ग्रेडला चारऐवजी पाच पॉइंट मिळतात, त्यामुळे जीपीएही वर जातो.

खरा फायदा वेगळाच

पण सगळ्यात मोठा फायदा कुठल्याच मार्कशीटवर दिसत नाही. सतराव्या वर्षी, घरचं जेवण जेवता जेवता, मुलाला कळतं, की कॉलेजचा अभ्यास कसा असतो आणि हा विषय आपल्याला झेपतो का, आवडतो का. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या सेमिस्टरला 'हे आपलं काम नाही' असं उमगलेले तुमच्या क्युबिकलच्या आसपास किती जण बसलेत, मोजा जरा! एपी केमिस्ट्रीत मन रमलं नाही, तर नुकसान एका वर्षाच्या एका विषयाचं. चार वर्षं आणि एज्युकेशन लोन पणाला लागत नाही.

आणि आत्मविश्वास? त्यासाठी लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातल्या गारफील्ड हायस्कूलची गोष्ट ऐकाच. मुलं बहुतेक गरीब, मेक्सिकन वंशाच्या घरांतली. बोलिव्हियाहून आलेले जेमी एस्कलांते तिथे गणित शिकवायला लागले. त्यांच्या कॅल्क्युलसच्या पहिल्या वर्गातली जेमतेम पाच मुलं परीक्षेपर्यंत टिकली, त्यातली दोन पास झाली. सरांनी नाद सोडला नाही. १९८२ मध्ये १८ मुलं एपी कॅल्क्युलसला बसली आणि सगळी पास! परीक्षा घेणाऱ्या संस्थेलाच संशय आला. उत्तरांत साम्य दिसतंय म्हणत १४ जणांवर ठपका आला. त्यातल्या १२ जणांनी पुन्हा परीक्षा दिली आणि बाराही जण पुन्हा पास झाले. १९८८ मध्ये यावर 'स्टँड अँड डिलिव्हर' हा सिनेमा आला.

या पोरांना कुणी ओळखत नव्हतं, पण श्रीमंत शाळेतल्या मुलांना जो पेपर, तोच यांना. एकच मोजपट्टी. 'आम्हालाही जमतं' हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. एपीचं खरं मोल हे आहे.

पण जरा दमानं!

आता नाण्याची दुसरी बाजू. काही घरांत एपी म्हणजे डाळ-तांदळाचा साठा झालाय, जितका जास्त तितका बरा! शेजाऱ्याच्या मुलीने आठ घेतले म्हणून आपल्या मुलाने दहा. मग झोप उडते, फुटबॉल सुटतो, विषय आवडण्याचा प्रश्नच राहत नाही. शिवाय प्रत्येक कॉलेज क्रेडिट देतंच असं नाही. डार्टमथने २०१४ पासून प्रवेश घेणाऱ्यांना एपीचं क्रेडिट देणं बंद केलं. काही मेडिकल कॉलेजंही सायन्सचे विषय कॉलेजातच शिकलेले असावेत, असा आग्रह धरतात. तेव्हा हव्या त्या कॉलेजची वेबसाइट आधी बघा, मग फी भरा.

तुमच्या भाच्यासाठी चार टिप्स

- आवडीचे दोन-तीन विषय निवडायचे. मित्र काय घेतात ते नंतर.
- शाळेत एपीचा वर्ग नसला तरी स्वतः अभ्यास करून परीक्षा देता येते. भारतातही अधिकृत केंद्रं आहेत. मात्र नोंदणी कित्येक महिने आधी करावी लागते.
- खान अकॅडमीवर अभ्यास फुकट होतो आणि मागच्या वर्षांचे लेखी प्रश्न कॉलेज बोर्डाच्या साइटवर मिळतात. महागड्या क्लासला धावायच्या आधी हे उघडून बघा.
- स्कोअर कमी आला तर आभाळ कोसळत नाही. शाळेच्या ग्रेडवर त्याचा परिणाम होत नाही, आणि बहुतेक कॉलेजांच्या अर्जात तो लिहायचा की नाही, हे मुलानेच ठरवायचं असतं.

ही शेवटची टिप पोरांपेक्षा त्यांच्या आईबाबांना आधी वाचून दाखवा. आपण सगळे एकाच बारावीच्या धसक्यातून पार पडलोय. पुढच्या पिढीला एखादा अवघड विषय केवळ आवडतो म्हणून घेऊन बघायची मुभा मिळत असेल, तर तिचा दहा परीक्षांचा धसका करू नका, एवढंच!